चौथाई मिस्त्री

मार्तंडाला त्याच्या नावानं हाक मारणारं एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे त्याची आई, आणि तीही केडगावला. नेवाशाकडे जाणाऱ्या पाटाच्या फाट्यावर, म्हणजे कालव्याच्या त्या शाखेवर, त्याला सगळे चौथाई मिस्त्री म्हणत. तोंडावर नुसतं मिस्त्री, पाठ वळली की चौथाई. हे त्याला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. आपल्याला कुणी फसवू शकत नाही याची ही पावतीच आहे, असं तो समजे.

समोरचा माणूस जे मागतो त्यातलं चौथाई खोटं असतं, असा त्याचा ठाम सिद्धांत होता. कुणी चार फावडी मागितली की हा तीन देई. आठ घमेली मागितली की सहा. डॉक्टरनं चार दिवसांचं औषध दिलं तर तिसऱ्या दिवशी बाटलीला बूच. घरी दमयंतीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, "भाकरी किती टाकू?" म्हणून विचारलं की तीन खाणारा हा माणूस चार सांगे, कारण बायकोही एक कापणारच असा त्याला संशय. तीही बिचारी मुकाट्यानं तीनच टाकी. संसार सुखाचा चालला होता म्हणायचा.

पण माणूस कामाचा होता, हे त्याचे वैरीसुद्धा कबूल करत. दरवर्षी होळी झाली की फाट्याचं पाणी बारा दिवस बंद ठेवत. त्या बारा दिवसांत नऊ मैलांचा गाळ काढायचा, खचलेले भराव सारखे करायचे, मोऱ्यांचं दगडकाम नीट करायचं, आणि तेराव्या दिवशी सकाळी वरून पाणी सुटायचं. तोवर काम उरकलं नाही तर पाणी गाळावर चढतं, भरावावरून उसळतं आणि खालच्या वस्तीत शिरतं. नऊ वर्षं मार्तंडानं हे काम सांभाळलं होतं आणि एकदाही पाणी वस्तीत शिरलं नव्हतं.

काम वाटून द्यायची त्याची रीत पाहण्यासारखी होती. पाणी बंद व्हायच्या आदल्या दिवशी तो पाटावरच्या चौकीच्या फरशीवर खडूनं पाट काढी, त्यावर नऊ मैलांच्या रेघा मारी आणि डब्यातले चिंचोके पुढ्यात ओती. एक चिंचोका म्हणजे एक माणूस. आसपासच्या गावांतून रोजावर आलेली नव्वद माणसं म्हणजे नव्वद चिंचोके. मग मुकादम एकेक करून समोर बसत.

"खरं सांगा, किती लागतील?" मार्तंड प्रत्येकाला विचारी. मुकादम आकडा सांगे. मार्तंड तेवढे चिंचोके त्याच्या मैलावर मांडी, आणि मग दर चौथा चिंचोका दोन बोटांत धरून परत उचली. मुकादम कपाळावर हात मारून घेई. देवाधर्माच्या शपथा होत. काही वेळानं मुकादम तंबाखू मळत बाहेर पडे आणि नवख्या माणसाला हळूच सांगे, "वीस पायजेल आसली तर सत्तावीस मागायची. चौथाई धरूनच बोलायचं."

म्हणजे बघा, तो कापणार म्हणून ते फुगवत आणि ते फुगवणार म्हणून तो कापी. दोन्ही बाजूंचं खोटं एकमेकांना बरोबर बसत होतं. आणि ही रीत वरपर्यंत होती बरं का. ओव्हरसियर रावसाहेबांकडं मार्तंड स्वतः दरवर्षी सोळा दिवस मागे आणि रावसाहेब त्यातले चार कापून बारा देत.

लढाईचं शेवटचं वर्ष होतं ते, पंचेचाळीस साल. लोखंड सगळं लढाईकडं वळलेलं, त्यामुळे फावडी तुटपुंजी. मार्तंडाचा संशय त्या वर्षी आणखीच तिखट झाला होता. आधी सातव्या मैलाचा गोरक्षनाथ येऊन बसला. सगळ्यांत जुना मुकादम, आवाज मोटेच्या करकरणाऱ्या चाकासारखा. त्यानं चाळीस माणसं मागितली. मार्तंडानं दहा उचलली. गोरक्षनाथानं चौकी डोक्यावर घेतली, पागोटं काढून फरशीवर आपटलं, तरी मार्तंड हलला नाही.

त्याच्यामागून मनकर्णा आली. नवव्या मैलाची टोळी तिच्या नवऱ्याची होती. तो पौषात तापानं गेला. टोळी बाईनं चालवायची की नाही यावर घरात बरीच भवती न भवती झाली होती. तिचा दीर सहादेव चारचौघांत म्हणाला होता, "यंदा वहिनी बघू द्या. नववा मैल वेळेत झाला तर टोळी तिची. राहिला तर म्होरल्या साली मी मुकादम, अन् तिनं चुलीपाशी बसावं." हे सगळ्या फाट्याला माहीत होतं. मार्तंडालाही माहीत होतं.

"खरं सांग बाई, किती लागतील?"

"वीस," मनकर्णा म्हणाली.

मार्तंडानं वीस चिंचोके मांडले आणि पाच उचलले. मग तो वाट पाहत बसला. आता रडणं येईल, मेलेल्या नवऱ्याची आठवण निघेल, पदर डोळ्याला लागेल. बाईनं फरशीकडं पाहिलं, पंधरा चिंचोके मनात मोजले आणि म्हणाली, "बरं."

आणि ती उठून गेली.

मार्तंड चक्रावला. नऊ वर्षांत कापल्यावर कुणी "बरं" म्हटलं नव्हतं. ज्याचं खरं असतं तो भांडतो, निदान भांडल्यासारखं करतो. ही भांडली नाही, याचा अर्थ हिला पंधराही जास्त होत असणार! विसातलं चौथाई नव्हे, निम्मं खोटं असणार. हिला दहाच पुरत असतील आणि उरलेली पाच ही कुणाच्या तरी खासगी शेतावर लावणार. त्याला स्वतःच्या ढिलाईचा राग आला. गोरक्षनाथ अजून बाहेर ओरडत होता, त्याला गप्प करायला मार्तंडानं ते पाच चिंचोके सातव्या मैलावर सरकवले. गोरक्षनाथ लगेच शांत झाला आणि पागोटं झटकून डोक्यावर ठेवता झाला.

पहिले पाच दिवस मार्तंड डोळ्यांत तेल घालून नवव्या मैलाच्या मागं लागला. सायकल लांब बाभळीला टेकवायची आणि भरावाच्या आडून चालत जायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं मातीचे खुंट तपासले. गाळ किती खोल काढला हे मोजायला मध्ये मध्ये जुन्या गाळाचे खुंट न खणता सोडतात. लबाड मुकादम त्या खुंटावर वरून चार बोटं माती थापतो, म्हणजे खड्डा खोल दिसतो. मार्तंडानं फावड्यानं एका खुंटाचा माथा तासला. आत हरळीची जुनी मुळं सलग खालपर्यंत गेलेली. थापलेल्या मातीत मुळं कुठली असणार? त्यानं दुसरा तासला, तिसरा तासला. सगळे खरे. मनकर्णा घमेलं खाली ठेवून पाहत राहिली.

दुसऱ्या कुणाला यावर बरं वाटलं असतं. मार्तंडाला वाटलं, इथं नाही म्हणजे दुसरीकडं कुठंतरी असणार.

सहाव्या दिवशी त्याला ते सापडलं. त्यानं भरावावरून डोकी मोजली, तर तेरा. पुन्हा मोजली, तेराच. दोन माणसं गायब! मार्तंडाचा चेहरा उजळला. तो भरावावरून खाली उतरला आणि पायवाटेनं निघाला. अर्ध्या मैलावर त्याला त्या दोघी दिसल्या, डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन परत येणाऱ्या. चेहरे उन्हानं काळवंडलेले.

"कुठं गेलता गं?"

"पान्याला, मिस्तरी. मळ्यातल्या हिरीवर. पाट कोरडा हाय न्हवं?"

मार्तंड जागीच उभा राहिला. पाट बंद म्हणजे पाटावर प्यायलाही पाणी नाही, ही गोष्ट नऊ वर्षांत त्याच्या फरशीवर कधी आलीच नव्हती. बाकीचे मुकादम पाण्याची माणसं आपल्या फुगवलेल्या आकड्यात दडवत, त्यामुळे त्याला ती कधी दिसली नव्हती.

तो तसाच मनकर्णाकडं गेला. "वीस कशी सांगितलीस? मांड बघू माझ्यापुढं."

तिनं घाम पुसला आणि बोटं मोजत सांगितलं, "आठ खोदायला. आठ गाळ वाहायला. पर या वळनावर भराव उंच हाय, चढ दमवतो, म्हनून वाहायला आनखी दोन. अन् दोन पान्याला. झाली वीस."

एकही माणूस इकडचा तिकडं करता येत नव्हता. मार्तंडानं मनात तीनदा उलटसुलट करून पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला आकड्याच्या पोटात काय आहे ते दाखवलं होतं, आणि त्यातली पाच माणसं त्यानं स्वतः दोन बोटांनी उचलून फेकली होती.

"मग भांडली का नाहीस?" तो जवळजवळ ओरडला.

"तुमी म्हनालात, खरं सांग. म्या सांगितलं. तुमी कापलं. मला वाटलं, तुमी नऊ सालं पाट बघताय, तुमाला माज्यापरीस जास्त ठावं आसंल. पंधरात कसं बसवायचं त्येच रोज बघतेय. बसत न्हाई."

मार्तंडाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही बाई लबाड नव्हती, तिनं त्याच्यावर विश्वास टाकला होता, आणि त्या विश्वासापायीच ती टोळी गमावणार होती. सहा दिवस संपत आले होते आणि काम तिसऱ्या हिश्श्याच्या जरा वर गेलं होतं.

"आता किती लागेल?"

"वीस माणसं आन् आठ दिवस," ती म्हणाली.

सवयीनं मार्तंडाचं मन म्हणालं, पंधरा आणि सहा. त्यानं जीभ चावली.

सहा दिवस हातात होते. पाच माणसं आणि दोन दिवस कमी. पाच माणसं कुठं आहेत हे तर त्याला पक्कं माहीत होतं. तो सायकल हाणत सातव्या मैलावर गेला. भर दुपारी बाभळीखाली सातआठ माणसं आडवी झाली होती. सायकल दिसताच ती ताडकन उठली आणि फावडी घेऊन अशी तुटून पडली की गाळाला पळता भुई थोडी झाली.

"गोरक्षनाथ, पाच माणसं दे. नवव्या मैलावर खरंच नड आहे."

गोरक्षनाथानं त्याच्याकडं बारीक डोळ्यांनी पाहिलं. "हितं एक मानूस फालतू न्हाई, मिस्तरी."

"मघाशी झोपली होती ती?"

"त्येंची पाठ धरली हुती. आन् मला येडा समजू नगा. दोन सालांमागं तुमी आसंच ग्वाड बोलून इचारलंत, कुनी मोकळं हाय का म्हनून. म्या दोन हाईत म्हनालो. तर गेल्या साली तुमी ती दोघंबी धरून कापलीत. आता पाच दिली तर म्होरल्या साली पाच कायमची गेली."

हे खरं होतं. मार्तंडानं गेल्या वर्षी अगदी तसंच केलं होतं आणि घरी येऊन दमयंतीला कौतुकानं सांगितलंही होतं.

हुकूम करून माणसं उचलणं त्याच्या हातात होतं. पण समज, गोरक्षनाथ खरं बोलत असला तर? सातवा मैल वरच्या अंगाला. तो राहिला तर नववा होऊनही उपयोग नाही. आणि सातव्या मैलाला खरोखर किती माणसं लागतात हे मार्तंडाला मुळी माहीतच नव्हतं! नऊ वर्षांत त्यानं फक्त खोटे आकडे ऐकले होते आणि त्यांना कात्री लावली होती. तो भर उन्हात पाटाच्या काठावर उभा राहिला आणि त्याला पहिल्यांदा स्वतःच्या शहाणपणाची भीती वाटली.

शेवटी त्यानं खिशातला कागद काढला आणि लिहून दिलं, की पाच माणसं माझ्या हुकमानं गेली, सातवा मैल राहिला तर दोष माझा, आणि पुढच्या वर्षी ही पाच धरून कापणार नाही. खाली सही केली. गोरक्षनाथानं तो कागद मोरीचं दगडकाम करणाऱ्या बाबाजान गवंड्याकडं नेला आणि दोनदा वाचून घेतला.

"काही खोट हाय का यात, बाबाजानभाई?"

"खोट न्हाई दिसत," बाबाजान दाढी कुरवाळत म्हणाला. "त्याचाच तर डर वाटतो."

पाच माणसं मिळाली. आता दोन दिवस उरले. मार्तंड चौकीवर गेला आणि टेलिफोनचा दांडा फिरवून रावसाहेबांना धरलं. दोन दिवस हवे असले तर तीन मागावेत, हे त्याच्या जिभेवर आलेलं होतं. पण मनकर्णाचा चेहरा डोळ्यांपुढं होता. खरं बोलायचं तर पुरतंच बोलू, असं त्यानं ठरवलं.

"रावसाहेब, पाणी दोन दिवस उशिरा सोडायला सांगा. माझ्याच चुकीनं नववा मैल मागं राहिला. बरोबर दोन दिवस. वाढवून सांगत नाही."

पलीकडून रावसाहेब हसले. "मिस्त्री, नऊ वर्षं ओळखतो मी तुम्हाला. दीड देतो."

"नाही रावसाहेब, खरोखर..."

"दीड. त्यात बसवा."

टेलिफोन बंद झाला. मार्तंडानं तो जागेवर ठेवला. त्याच्या तोंडून जो शब्द बाहेर पडणार होता तो त्याला ऐकू आला, आणि त्याला शरम वाटली. तो शब्द होता, "बरं."

उरलेल्या अर्ध्या दिवसाची भरपाई करायला त्याच्याकडं चिंचोके नव्हते. मग तो स्वतः गाळात उतरला. धोतराचा काचा मारला, टोपी काढून बाभळीला अडकवली आणि घमेलं उचललं. पहिल्या दिवशी माणसं कुजबुजत राहिली, की याच्यात याचा काय डाव असेल. आमच्या हातांची गती मोजायला उतरलाय, असं एकाचं मत पडलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहाताचे फोड फुटले तेव्हा ते मत जरा मागं पडलं. मोरी उरकून बाबाजान आपले दोन गवंडी घेऊन आला. सहादेवही भरावावर उभा राहून पाही, आणि शेवटच्या दिवशी काय वाटलं कुणास ठाऊक, गुपचूप उतरला आणि वहिनीच्या हातातलं खोरं घेतलं.

मधल्या काळात सातवा मैल दहाव्या दिवशीच पुरा झाला, तीस माणसांत, दोन दिवस आधी. मार्तंडाला ते कळेपर्यंत तिथली माणसं रोज घेऊन आपापल्या गावी पांगली होती; त्यानं गोरक्षनाथाला एक अक्षरही विचारलं नाही.

चौदाव्या दिवशी ऊन उतरता उतरता वळणावरचं शेवटचं घमेलं भरावावर पडलं. तासाभरानं पाणी आलं, पिवळसर, फेसाळ, वाळक्या काटक्या पुढं ढकलत. वळणावर ते भरावाला घासून चढलं, वीतभर अंतर राखून खाली बसलं आणि पुढं निघून गेलं. वस्तीतल्या बायका काठावर येऊन पाहत होत्या. सहादेव चारचौघांत म्हणाला, "टोळी वहिनीची." मनकर्णानं पदरानं तोंड पुसलं. तिला रडू येत होतं आणि ती ते लपवत नव्हती. मार्तंडालाही भरून आलं. आपण एका माणसाचं वाटोळं करता करता वाचलो, असं त्याला वाटत राहिलं.

ते वर्ष त्यानं एका विचारात काढलं. पुढच्या खेपेला मनकर्णा जो आकडा सांगेल तो तसाच मांडायचा. एकही माणूस उचलायचं नाही. बाकीच्यांचं काय करायचं ते करू, पण निदान एका मैलाचा आकडा तरी खरा असेल, आणि त्याच्या आधारानं बाकीचेही हळूहळू खरे करता येतील. दमयंतीला त्यानं हे सांगितलं. तिनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

शेहेचाळीसची होळी झाली. फरशीवर खडूचा पाट निघाला. गोरक्षनाथ भांडून बाहेर जाऊन बसला. बाकीचे दाराशी बसून होते. मनकर्णा समोर येऊन बसली.

"किती लागतील?" मार्तंडानं विचारलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा मऊ होता.

"सत्तावीस," मनकर्णा म्हणाली.

मार्तंडाचा हात डब्यात होता तो तिथंच राहिला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती फरशीकडं पाहत होती, चेहरा अगदी शांत, बाकीच्या मुकादमांचा असतो तसा. ती शिकली होती. फाट्यावरचं एकुलतं एक खरं बोलणारं माणूस त्यानंच घडवून घडवून इतरांसारखं केलं होतं.

 तरी ठरवल्याप्रमाणं त्यानं सत्तावीस चिंचोके नवव्या मैलावर मांडले आणि हात मागं घेतला.

मनकर्णा वाट पाहत राहिली. दाराशी तंबाखू मळणारे हात थांबले. गोरक्षनाथ बाहेरून मान पुढं काढून पाहू लागला.

"मिस्तरी," मनकर्णानं दबक्या आवाजात विचारलं, "कापत का न्हाई?"

"नाही कापणार. तू मागितलीस तेवढी घे."

तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिनं मागं वळून दाराशी बसलेल्या सहादेवाकडं पाहिलं, मग चिंचोक्यांकडं, मग मार्तंडाकडं. त्या नजरेत आता संशय होता. तसा संशय तिनं गेल्या वर्षी, खुंट तासताना पाहूनही, धरला नव्हता.

"माजं काय चुकलं का? औंदा मैल काडून घ्यायचा हाय का माज्याकडनं? तसं आसंल तर तोंडावर सांगा."

"अगं बाई, काही नाही. खरंच देतोय."

"न्हाई, न्हाई," ती घाबरून उठायला लागली. "कायतरी हाय."

मार्तंडानं तिला बस म्हणून खूण केली. मग हात पुढं करून त्यानं चिंचोके उचलायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. सात उचलले. फरशीवर वीस राहिले.

मनकर्णानं ते मोजले आणि सुटकेचा श्वास सोडला. "बरं," ती म्हणाली, आणि पदर सावरत निर्धास्त मनानं बाहेर पडली. मार्तंडानं पुढच्या मुकादमाला हाक मारली, पण त्यानं सांगितलेला आकडा त्याला ऐकूच आला नाही. तो त्याला पुन्हा विचारावा लागला.